कोपराएवढा ओटा

खूप जुनी गोष्ट आहे. इतकी जुनी, की तेव्हा बहुतेक घरांतल्या बायका जमिनीवर बसूनच स्वयंपाक करत, आणि त्यांच्या गुडघ्यांचं काय होतं हे विचारायचं कोणाच्या मनातही येत नसे. पुरुषांच्या तर नाहीच नाही. आयतं ताट समोर आलं की झालं!

पण एका पुरुषाच्या मनात आलं. त्याचीच ही गोष्ट. लहानांनी ऐकावी, आणि मोठ्यांनी जरा जास्तच कान देऊन ऐकावी, कारण बाजारात जाऊन फसतात ती मोठी माणसंच.

एका घाटाच्या पायथ्याशी एक गाव होतं. त्या गावात केरबा नावाचा कल्हईवाला राहायचा. गाढवावर भाता आणि कोळशाची गोणी लादून तो गावोगाव हिंडे आणि लोकांच्या तांब्यापितळेच्या भांड्यांना आतून कल्हई लावून देई. गाढवाचं नाव त्याने हौसेने सरदार ठेवलं होतं. काळंकुट्ट झालेलं पातेलं केरबाच्या हाती दिलं, की त्याने कथील फिरवून, कापसाच्या बोळ्याने पुसून परत देईपर्यंत ते आतून चंद्रासारखं व्हायचं. ते चमकताना पाहून केरबाला दर वेळी पहिल्यांदा पाहिल्यासारखा आनंद व्हायचा.

त्याची एक सवय होती. दिवाळी सरली की तो पुन्हा त्याच गावांना जाई, आपण कल्हई केलेली भांडी मागून घेई आणि त्यांच्या आतून अंगठा फिरवून बघे. कुठे तांबं उघडं पडलेलं लागलं, की तिथेच अंगणात भाता मांडून बसे आणि पुन्हा कल्हई करून देई. त्याचं काही मागत नसे. कोणी बोलावण्याची वाटही बघत नसे. बाकीचे कल्हईवाले त्याला खुळा म्हणत.

त्याची बायको साळू. तिची घाटाच्या तोंडाशी खानावळ होती. खानावळ कसली, एक पडवी, एक चूल आणि साळूचे दोन हात. पण घाट चढणारा एकही गाडीवान तिचं पिठलं-भाकरी खाल्ल्याशिवाय बैल जुंपत नसे. कोणाला तिखट लागतं, कोणाला सोसत नाही, कोणाची आई आजारी आहे, कोणाचं लग्न ठरेना झालंय, सगळं तिला पाठ होतं. ती वाढायची, चौकशी करायची, रागवायची आणि वर आणखी एक भाकरी ताटात टाकायची.

हे सगळं ती बसून करायची. चुलीपुढे पाटावर सकाळी बसली की दुपार कलली तरी उठायची सोय नसे. तरुणपणी ते निभावलं. मग गुडघे कुरकुरायला लागले. मग ऐकेनासेच झाले.

म्हणून रोज संध्याकाळी शेवटचा गाडीवान गेला, की केरबा चुलीपाशी यायचा, दोन्ही हात पुढे करायचा आणि म्हणायचा, "उठा, सरकार!"

साळू त्याचे हात धरायची आणि कण्हत कण्हत उठायची. "हळू ओढा हो! मी काय विहिरीतली घागर आहे?"

"घागर हलकी असते," केरबा म्हणायचा, आणि पाठीत एक धपाटा खायचा. त्यांचा संसार असा होता.

एका संध्याकाळी मात्र केरबाने हात दिले, साळूने धरले, आणि ती उठलीच नाही. पुन्हा जोर केला. नाही. शेवटी तिने हात सोडून दिले आणि भिंतीला टेकली.

"अहो, मी काय म्हणते," ती म्हणाली, "ही सुगी होऊ द्या. मग मी चूल बंद करते. आता नाही होत."

तिचा आवाज नेहमीसारखाच होता, आणि म्हणूनच केरबाच्या काळजात चर्र झालं. चूल बंद झाली तर साळूच्या दिवसात उरेल काय? ती दाराशी बसून राहील, गाड्या समोरून जातील, आणि आतल्या आत ती वाळत जाईल. त्याला रडूच आलं. पण त्याने धूर डोळ्यांत गेल्याचं निमित्त केलं.

त्या राज्यात काही वर्षांपूर्वी उभ्याने स्वयंपाक करायचे दगडी ओटे निघाले होते. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात होते, देवळाच्या भोजनशाळेत होते, आणि बऱ्यापैकी खाऊनपिऊन सुखी असलेल्या घरांतही होते. ओट्यावर दगडाची मोठी लादी, लादीवर चूल, शेजारी चिरायला, थापायला, वाढायला जागा. वाकायला नको, बसायला नको. केरबाने ठरवलं, साळूसाठी असा ओटा करायचाच. आयुष्यभर गाठीला बांधलेलं सगळं गेलं तरी चालेल. असा दगड माणूस जन्मात एकदाच घेतो.

आणि हे तिला न सांगता करायचं, असंही त्याने ठरवलं. हौशी नवऱ्यांचं असंच असतं बघा.

त्याने साळूला लेकीच्या गावच्या जत्रेला धाडून दिलं आणि सरदारला घेऊन राजधानीची पेठ गाठली. पेठेत दगडवाल्यांची एक आळी होती. आळीच्या तोंडाशीच एक भला मोठा मांडव होता. मांडवात झुंबर, खाली गालिचा, आणि गालिच्यावर उभ्या करून ठेवलेल्या काळ्याभोर लाद्या. मांडवाचा मालक गुलाबशेठ नावाचा व्यापारी होता. त्याने केरबाला पाहिलं आणि हात जोडूनच पुढे आला.

"या, या, मालक! उन्हातून आलात. आधी सरबत घ्या. बाकीचं मग बोलू."

केरबाला जन्मात कोणी मालक म्हटलं नव्हतं. त्याने मागे वळून पाहिलं, की सरदारला तर म्हणत नाहीत ना!

गुलाबशेठने एका लादीवरचं मखमली कापड ओढलं. केरबा बघतच राहिला. दगडात त्याला स्वतःचा चेहरा दिसत होता. मिशीतला पांढरा केस न् केस दिसत होता. आता विचार करा, ज्या माणसाने जन्मभर चमक आणण्याचंच काम केलं, त्याचं काय झालं असेल? त्याच्या धंद्यात चमक म्हणजे काम चोख. चमक नाही तर कल्हई कच्ची. तो त्या लादीवर तिथल्या तिथे भाळला.

सवयीने त्याचा अंगठा पुढे गेला. तेवढ्यात गुलाबशेठने त्याचा हात अलगद धरला आणि त्यात सरबताचा पेला ठेवला.

"हात नका लावू हो मालक, बोटांचे ठसे उमटतात. राजवाड्याच्या मुदपाकखान्यात आहे ना, तो हाच दगड. मीच बसवला. आणि एक सांगतो, उद्या एका सरदाराचा माणूस ही लादी उचलायला येणार आहे. पण तुमचा चेहरा पाहिला आणि मला वाटलं, ही तुमच्याच घरी जावी."

झालं! केरबा विरघळला. सरबत अतिशय सुरेख होतं, वाळा घातलेलं. ते संपायच्या आत व्यवहार झाला, आणि गाठीचं सगळं सुटून गुलाबशेठच्या गल्ल्यात गेलं.

साळू जत्रेहून परतली तेव्हा पडवीत ओटा उभा होता. केरबा दाराशी नव्या नवरदेवासारखा उभा होता. साळू ओट्यासमोर गेली. तिने लादीत स्वतःला पाहिलं. मग पदराने डोळे टिपत म्हणाली, "माझ्यासाठी?"

"मग काय सरदारसाठी?" केरबा म्हणाला. त्याच्या छातीत आनंद मावत नव्हता.

दुसऱ्या दिवशी सकाळी साळू ओट्यापुढे उभी राहिली, आणि पहिली गंमत कळली. ओटा केरबाच्या मापाने बांधला होता, आणि साळू होती त्याच्या खांद्याएवढी. भाकरी थापायला हात कानापर्यंत न्यावे लागले. केरबाने धावत जाऊन तिच्या पायाखाली पाट सरकवला. ज्या पाटावरून तिला उठवायचं होतं त्याच पाटावर ती आता उभी होती. पण ती हसली आणि कामाला लागली.

मग चिंचेचा कोळ सांडला. पुसला, तर खाली पांढरा फटक डाग. मग तिने उकळतं पिठलं चुलीवरून उतरवून लादीवर ठेवलं. कढईखालून काळं काहीतरी वितळून ओघळायला लागलं. चमक होती ती! मेण, राळ आणि काजळी खलून चोपडलेली. ती साळूच्या बांगड्यांना लागली, पदराला लागली, भाकरीच्या पिठातही गेली. आणि चमक ओघळून गेली तशी तिच्याखालून लादीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलेली एक लाखेने बुजवलेली चीर वर आली.

पडवीत गाडीवान जेवायला बसले होते. साळूने पुढची भाकरी थापायला हात उचलला, पहिली थाप मारली, आणि कडाड करून लादीचे दोन तुकडे झाले. एक तुकडा खाली आला तो तिच्या पायाच्या बोटांना घसटून. कढई, काठवट, पीठ, पिठलं, सगळं जमिनीवर.

केरबाने आधी तिला बाजूला ओढलं. तिचे पाय चाचपून पाहिले. धड होते. मग तो जमिनीवरच बसला. त्याला तोंड वर करून बघवेना. जन्माची पुंजी, साळूचे गुडघे, आणि वर गाडीवानांपुढे शोभा!

साळू त्या पसाऱ्याकडे पाहत राहिली. पायाकडे पाहिलं. नवऱ्याकडे पाहिलं. आणि म्हणाली, "काय हो, राजाच्या मुदपाकखान्यात पिठलं असंच जमिनीवर वाढतात का?"

गाडीवान फसकन हसले. केरबाला हसावं की रडावं कळेना. पण जिने ओरडायला हवं होतं तीच हसतेय हे पाहून त्याला अंगात थोडा जीव आल्यासारखं वाटलं.

तो तडक पेठेत गेला. गुलाबशेठ तसाच हसतमुख होता, फक्त सरबत आलं नाही.

"अरेरे, तुटली? पण काय हो, गरम कढई तिच्यावर मी ठेवली होती का?"

"ओट्यावर गरम कढई नाही ठेवायची तर काय समई ठेवायची?" केरबा कडाडला.

"चांगल्या वस्तू जपून वापरायच्या असतात," गुलाबशेठ म्हणाला, आणि पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळून त्याने हात जोडले. "या, या, मालक!"

केरबा मान खाली घालून परत आला. संध्याकाळी तो चुलीपाशी बसला. साळू पुन्हा जमिनीवर आली होती.

"मला अक्कलच नाही," तो म्हणाला. "दगडातलं मला काही कळत नाही, आणि निघालो दगड घ्यायला."

"दगडातलं कोणाला कळतं?" साळू म्हणाली. "मला तरी कुठे कळतं? बरं, मला सांगा, पंचक्रोशीत कल्हईवाले किती आहेत?"

"आहेत की बरेच."

"मग बायका तुमचीच वाट का बघतात? त्यांना कल्हईतलं कळतं का? कथील खरं की खोटं, काही कळत नाही बिचाऱ्यांना."

केरबाने यावर कधी विचारच केला नव्हता.

"दिवाळीनंतर तुम्ही अंगठा घेऊन दारात उभे राहता म्हणून!" साळू म्हणाली. "केलेल्या कामाकडे परत फिरून बघता म्हणून. दगडवाल्यांतही असा कोणी असेल. तो हुडका. आणि तुम्ही गेलात कुठे, तर पेठेत! अहो, अख्ख्या राज्यात लोकांच्या मागल्या दाराने स्वयंपाकघरात शिरणारा माणूस एक तुम्हीच. राजवाड्याच्या मुदपाकखान्यातसुद्धा वर्षाला जाता. जिथे दगड रोज भाजतो, चिंच-हळद पितो, मार खातो, तिथे बसून चहूकडे बघायचं सोडून मांडवात मिशा बघत बसलात!"

केरबाने कपाळावर हात मारला. खरंच की! भांडी घ्यायला तो ज्या ओट्यांपाशी उभा राहायचा, त्यांच्याकडे त्याने कधी नीट पाहिलंच नव्हतं. त्याचं लक्ष आपलं पातेल्यांत.

दुसऱ्या दिवसापासून तो फेरीला निघाला, आणि या वेळी त्याने ओटे पाहिले. काही घरांत ओट्यावर छान कशिद्याची चादर पसरलेली असे. इतकी वर्षं त्याला वाटायचं, केवढी हौस या बायकांना! आता त्याने एका घरी हळूच चादरीचा कोपरा उचलला. खाली पांढरे डाग, काळे ओघळ आणि लाखेची चीर.

घरधनीण शरमेने लाल झाली. "कोणाला बोलू नका हो दादा. आमच्या ह्यांनी मोठ्या हौसेने आणलाय. गावात त्यांचं हसं होईल."

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरीही तेच. केरबाला हळूहळू उलगडा झाला, की गुलाबशेठचं नाव त्याच्या दगडांवर नव्हे, या चादरींवर टिकून होतं. फसलेला प्रत्येक जण आपली फसगत झाकत होता, आणि पुढचा माणूस सुखाने फसायला जात होता.

पण काही घरांतले ओटे उघडे होते. चमक बेताचीच, रंग साधा राखाडी. पण वर्षानुवर्षं त्यांच्यावर रांधलं-वाढलं जात होतं आणि ते नुसते घासून लख्ख होत होते. त्या घरांत केरबा विचारायचा, "कोणाचा हो दगड?" उत्तर एकच यायचं, "म्हाळसाबाईचा."

राजवाड्यात कल्हईला गेला तेव्हा त्याने मुख्य आचाऱ्याला विचारलं, "हा ओटा गुलाबशेठने बसवला ना?"

"कोण गुलाबशेठ?" आचारी म्हणाला. "हा म्हाळसाबाईने बसवला. अजून वर्षातून एकदा येते आणि आम्हाला शिव्या घालून जाते, की नीट धूत नाही म्हणून."

एवढंच विचारायचं होतं. एवढं आधी विचारलं असतं तर! केरबाला स्वतःचाच राग आला.

म्हाळसाबाईची खाण राजधानीबाहेर टेकडीला होती. तिथे मांडव नव्हता, गालिचा नव्हता. एका चिंचेखाली ती दगडाच्या धुळीत बसली होती. नवरा गेल्यावर खाण तिनेच चालवली, जावई आणि माणसं हाताशी धरून. केसांपासून पायांपर्यंत ती पांढरी दिसत होती. थोडी वयाने, थोडी धुळीने.

"ओटा हवाय," केरबा म्हणाला.

"कोणाला?" म्हाळसाबाईने विचारलं.

"माझ्या बायकोला."

"मग तू कशाला आलास?"

केरबा डोकं खाजवायला लागला.

"स्वयंपाक ती करणार, ओट्यापाशी जन्म ती काढणार, आणि माप तुझं घेऊ का? तिला घेऊन ये. आणि त्याआधी पेठेतल्या जुन्या हलवायाकडे जा. तिथे माझा दगड तडकलाय. तो बघून ये."

"तडकलाय?" केरबाला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "चांगला असलेला दाखवा की!"

"चांगले तू बघून आला असशील, नाहीतर इतक्या लांब आला नसतास. माझा फसलेला बघ. मग ठरव."

केरबा हलवायाकडे गेला. ओट्याच्या कोपऱ्यावर खरंच एक तडा होता. तो इतका सफाईने सांधलेला होता, की बोट फिरवल्याशिवाय कळत नव्हता.

हलवाई म्हणाला, "चूक माझीच होती, दादा. माळ्यावरची लोखंडी कढई माझ्या हातून सुटून त्यावर पडली. मी लाजेने कळवलंही नव्हतं. पण म्हाळसाबाई वर्षाच्या फेरीला आली, तिने पाहिलं, आधी मला मनसोक्त झापलं, आणि मग म्हणाली, 'चूक तुझी, पण दगड माझा.' माणसं घेऊन आली आणि सांधून दिला. त्याला इतकी वर्षं झाली, की आता माझा मुलगा बाप झाला. तिथे पाणी मुरत नाही, की मुंगी शिरत नाही."

केरबा तिथेच उभा राहिला. चूक तुझी, पण दगड माझा. त्याला आपला अंगठा आठवला आणि उगाच गहिवरून आलं. आपल्यासारखंच कोणी खुळं या जगात आहे, हे कळलं की बरं वाटतंच माणसाला.

मग साळू सरदारवर बसून टेकडीला गेली. म्हाळसाबाईने तिला आधी पाणी दिलं आणि दगडाच्या आधी तिच्या गुडघ्यांचं विचारलं. दोघी बायका गुडघ्यांवर इतका वेळ बोलल्या, की केरबाला वाटलं ओट्याचं राहूनच जाणार. मग म्हाळसाबाईने एक दोरी घेतली, साळूला सरळ उभं केलं, जमिनीपासून तिच्या कोपरापर्यंत माप घेतलं आणि त्याखाली थोडं अंतर सोडून गाठ मारली.

"उजेड कुठून येतो? चूल कुठल्या हाताला हवी? भाकरी किती जोराने थापतेस?"

साळूने हवेत थापून दाखवलं. म्हाळसाबाई म्हणाली, "बाई गं! तुझ्या भाकरीपुढे माझा दगड टिकायला हवा."

साळूला एक लादी फार आवडली. तिच्यात निळसर झाक होती. म्हाळसाबाईने हातोडीने तिच्यावर एका जागी टकटक केलं, आवाज खणखणीत आला. जरा बाजूला केलं, आवाज बसका आला.

"ही नाही देणार. आत शीर आहे. देव्हाऱ्याखाली चालेल, चुलीखाली नाही." तिने दुसऱ्या साध्या लादीचा एक तुकडा साळूच्या हाती दिला. "हा घरी ने आणि याचे हाल कर. चिंच ओत, हळद ओत, तेल सांड, तापलेला तवा ठेव. मग मला सांग. आणि तू रे, तुझा अंगठा मघापासून वळवळतोय. फिरव की!"

केरबाने लादीवर अंगठा फिरवला. थंडगार, घट्ट, एकसंध. अंगठा काळा झाला नाही.

साळूने त्या तुकड्याचे खरोखर हाल केले. त्याला काही झालं नाही. धुतला की तो पुन्हा होता तसा.

आता केरबाची गाठ रिकामी होती हे तुम्ही विसरला नसाल. त्याने ते म्हाळसाबाईला खरं सांगितलं, गुलाबशेठच्या लादीत पाहिलेल्या आपल्या मिशांसकट. म्हाळसाबाई हसली नाही. तिने आपल्या माणसांच्या जेवणाची तांब्याची मोठमोठी पातेली दाखवली. आतून पार उघडी पडलेली होती, त्यांत आमटी कळकून कडू व्हायची.

"यांना कल्हई लावत जा, त्यातच दगडाचे पैसे फिटतील. पण दिवाळीनंतर अंगठा घेऊन येतोस म्हणे, तसं यायचं. नाही आलास तर मी येईन."

दगड यायला सुगी संपली. केरबाचा जीव खालीवर होत होता, पण म्हाळसाबाई घाई करत नव्हती. शेवटी एका सकाळी गाडी आली, मागून ती स्वतः आली, ओटा बांधून होईपर्यंत उन्हात उभी राहिली, आणि जाताना सांगून गेली, "पहिले काही दिवस ओलं राहू देऊ नका."

जुन्या तुटक्या लादीचं काय करायचं? केरबा ती परसात पुरायला निघाला होता.

"आणा ती इकडे," साळू म्हणाली. तिने त्यातला एक तुकडा पडवीच्या बाहेर गाडीवानांना बसायला मांडला. "चादरी पसरायच्या त्या अंथरुणावर. दगडावर मी पसरणार नाही. लोकांना हसायचं असेल तर खुशाल हसू द्या."

जो गाडीवान बसे तो विचारे, हा असा का? आणि साळू हसत हसत सगळं सांगे, कोणाचा दगड, कुठून आणला, कसा ओघळला. केरबा शेजारी बसून माना डोलवे आणि मिशीतल्या केसांचा भाग स्वतः रंगवून सांगे. गाड्यांबरोबर ती गोष्ट घाट चढली आणि गावागावांत उतरली. घरोघरच्या बायकांनी चादरी काढल्या. पुढच्या वर्षी गुलाबशेठच्या मांडवात माशा होत्या, आणि त्याच्या पुढच्या वर्षी मांडवच नव्हता. आता तो पेठेच्या तोंडाशी वाळ्याचं सरबत विकतो. ते मात्र खरोखरच फार चांगलं असतं, आणि लोक ते पिऊन बघूनच घेतात.

म्हाळसाबाई दर वर्षी न बोलावता येते. ओट्यावर तळवा फिरवते, साळूला दोन शब्द सुनावते, पिठलं-भाकरी खाते आणि जाते.

आणि ओट्याच्या पहिल्या दिवशीची गोष्ट सांगायची राहिलीच. त्या संध्याकाळी शेवटचा गाडीवान गेला. केरबा रोजच्या सवयीने आत आला, दोन्ही हात पुढे केले आणि म्हणाला, "उठा, सरकार!"

साळू उभीच होती. ओट्याला टेकून, हात पुसत. दिवसभर उभी होती आणि अजून ताठ होती.

केरबाचे हात तसेच हवेत राहिले. त्याच्या मनात आलं, आता या हातांना काय काम? इतक्या वर्षांचं रोजचं काम आज संपलं होतं. तो ओशाळून हात मागे घ्यायला लागला.

"मागे कुठे नेता?" साळू म्हणाली. तिने त्याचे दोन्ही हात धरले आणि त्याला ओट्यापाशी ओढलं. "जरा उभे राहा माझ्याशेजारी. आज तुम्हीच बघा, उभं राहिलं की इथून घाट कसा दिसतो."

घाटावर शेवटच्या गाडीचा कंदील हळूहळू वर जात होता. दोघं तो दिसेनासा होईपर्यंत बघत उभे राहिले.

तात्पर्य: वस्तूची चमक पाहून विकणारा निवडू नये, विकल्यानंतर जो आपल्या वस्तूची विचारपूस करायला परत येतो, त्याचा पत्ता त्याच्या जुन्या गिऱ्हाइकांच्या घरी विचारावा.